कोचीच्या धक्क्यावरचे चार दिवस

बंदराचें गांव आणि इतर गांवें यांच्यांत एक मोठा फरक आहे. इतर गांवांचें तोंड राजमार्गाकडे, देवळाकडे किंवा बाजाराकडे असतें. बंदराच्या गांवाचें तोंड पाण्याकडे असतें. त्याच्या वखारी, कचेऱ्या, प्रार्थनामंदिरें, फार काय, तेथील माणसांचें बोलणें व खाणेंपिणें यांतलाही पुष्कळ भाग पाण्यावाटे आलेला असतो. म्हणून मोटारींतून येऊन अर्ध्या दिवसांत परतणाऱ्या प्रवाशाला अशा गांवाची पाठ तेवढी दिसते. त्याचें तोंड पाहावयाचें तर पाण्याच्या कांठींच मुक्काम केला पाहिजे, आणि तो निदान तीन-चार दिवसांचा तरी हवा. कारण भरती-ओहोटी, कोळ्यांच्या वेळा आणि जहाजांची जा-ये यांचें चक्र एका दिवसांत ध्यानांत येत नाहीं.

गेल्या पौष महिन्यांत आम्हीं केरळांतील कोची येथें असा चार दिवसांचा मुक्काम केला. सासूबाई, माझे यजमान, धाकटे भावजी, जाऊबाई, घरांतलीं तीन मुलें आणि मी, अशीं लहानमोठीं आठ माणसें होतों. सहल म्हणून हौस होतीच; पण या प्रवासामागें एक घरगुती प्रश्नही होता, आणि तो पुष्कळ वाचकांच्या घरीं असण्याचा संभव असल्यामुळें येथें सांगतें.

राजापूरच्या खाडीकांठीं आमचें जुनें घर आहे. दोन पिढ्या मुंबई-पुण्यास गेल्या. घर आतां गणपतीस आणि मे महिन्यांत तेवढें उघडतें. उरलेले दहा महिने त्याला वाळवी आणि पाऊस यांची सोबत. भावजींचें म्हणणें असें, कीं त्याचें प्रवाशांना उतरण्याचें ठिकाण करावें. कौलांचा व भिंतींच्या डागडुजीचा खर्च तरी निघेल. सासूबाईंचें म्हणणें एकाच वाक्याचें होतें: "ज्या माजघरांत माझीं तीन बाळंतपणें झालीं, तेथें परक्यांनीं पैसे मोजून झोपायचें का?" दोघांचेंही खरें होतें, आणि म्हणूनच वर्षभर कोणीं कोणाचें ऐकलें नाहीं. शेवटीं यजमानांनीं तोड काढली. ज्या गांवांत अशा जुन्या घरांनीं हाच मार्ग धरून बरींच वर्षें लोटलीं आहेत, तेथें आईला घेऊन जावें, राहून पाहावें आणि मग बोलावें.

पुरानें घडविलेलें बंदर

मुंबईहून नेत्रावती गाडीनें निघालें, म्हणजे रत्नागिरी, मडगांव, मंगळूर करीत सुमारें एका अहोरात्रीनें एर्नाकुळम येतें. १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पुरी झाली, त्यापासून ही वाट आपणांस घरची झाली आहे. एर्नाकुळम ही नवी बाजू. जुनें कोचीन पलीकडे, पाण्याच्या तोंडाशीं. तेथें जाण्यास पूल आहेत. परंतु आम्ही बोटीनेंच गेलों, आणि वाचकांनींही तसेंच जावें. सरकारी बोटी पूर्वींपासून आहेत. शिवाय २०२३ मध्यें विजेवर चालणाऱ्या बोटींची जलमेट्रो सुरू झाली, ती २०२४ पासून फोर्ट कोचीपर्यंत जाते. चढउतार सोपी असल्यामुळें सासूबाईंना हात धरावा लागला नाहीं.

या बंदराचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. प्राचीन काळीं रोमन व्यापाऱ्यांचीं जहाजें ज्या मुझिरिसला मिरीं नेण्यास येत, तें बंदर येथून उत्तरेस कोडुंगल्लूरच्या आसपास होतें. १३४१ सालीं पेरियार नदीला प्रचंड पूर आला. त्या गाळानें जुन्या बंदराचें तोंड बुजलें आणि दक्षिणेस कोचीजवळ पाण्यानें नवी वाट फोडली, असें इतिहासकार मानतात. एका पुरानें एकाचें भाग्य बुडविलें आणि दुसऱ्याचें उघडलें. आम्हां राजापूरकरांना ही गोष्ट ऐकतांना थोडें वाईटच वाटलें. आमच्या राजापुरांतही इंग्रजांची वखार होती, आणि १६६१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं ती लुटावी एवढी ती संपन्न होती. पुढें खाडी गाळानें भरत गेली. जेथें गलबतें लागत, तेथें आतां ओहोटीला मुलें पाण्यांतून चालत जातात.

कोचीला मात्र एकामागून एक धनी येत गेले. १५०० मध्यें पोर्तुगीज आले, १५०३ मध्यें त्यांनीं येथें किल्ला बांधला. हिंदुस्थानांतला युरोपियनांचा तो पहिला किल्ला. १६६३ मध्यें डचांनीं तो घेतला आणि १७९५ मध्यें इंग्रजांनीं डचांकडून. परंतु मोठीं जहाजें आंत येत नव्हतीं; मुखाशीं वाळूचा बांध आडवा पडलेला असे, आणि जहाजें बाहेर खोल पाण्यांत नांगर टाकून होड्यांतून माल उतरवीत. ही अडचण रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनियरानें दूर केली. तो १९२० मध्यें येथें आला. वाळू उपसून त्यानें जहाजांसाठीं मार्ग खणला आणि १९२८ च्या मे महिन्यांत 'पद्मा' नांवाची आगबोट आंतल्या बंदरांत आली. उपसलेल्या गाळाचें काय करावें, या प्रश्नाला त्यानें दिलेलें उत्तर म्हणजे विलिंग्डन बेट! शेंकडों एकरांचें तें बेट माणसानें बंदराच्या चिखलांतून उभें केलेलें आहे.

पाण्याकडची खोली

आमचें हॉटेल फोर्ट कोचींत अगदीं पाण्याला लागून होतें. मूळ इमारत कोणा व्यापाऱ्याच्या वखारीची. जांभ्या दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगळुरी कौलें आणि पाण्याकडे लांब ओसरी. ओसरींत पाऊल ठेवतांच सासूबाई म्हणाल्या, "अग, हें तर आपल्याच घरासारखें आहे!" एवढें बोलून त्या गप्प बसल्या, भावजींनींही कांहीं बोलण्याचा मोह आवरला.

खोलीविषयीं मात्र एक धडा मिळाला. "समुद्राभिमुख" म्हणून तीन खोल्यांचे वाढीव दर आम्हीं आगाऊ भरले होते. त्यांपैकीं एका खोलीच्या खिडकींतून समुद्राऐवजीं शेजारच्या इमारतीचें विजेचें यंत्र व त्याचा धूर तेवढा दिसला. यजमानांनीं शांतपणें दर विचारले, लेखी उत्तर दाखविलें, आणि दुपारपर्यंत खोली बदलून मिळाली. प्रवास ठरवितांना "खिडकी उघडल्यावर नक्की काय दिसतें?" हा प्रश्न लेखी विचारावा, आणि उत्तर जपून ठेवावें.

पाण्याच्या इतक्या जवळ इमारती कशा टिकतात, हा प्रश्न आमच्या पुतण्यानें पहिल्याच दिवशीं विचारला. त्याचें उत्तर भरतींत आहे. मुंबईस मोठ्या उधाणाच्या वेळीं समुद्र चार-साडेचार मीटर चढतो-उतरतो. कोचीस हा फरक फारतर एक मीटरच्या आसपास. त्यामुळें ओसरीच्या पायऱ्या थेट पाण्यांत नेल्या तरी चालतें, आणि होडी दिवसाच्या कोणत्याही वेळीं धक्क्याला लागूं शकते. परंतु या सोयीची दुसरी बाजूही आहे. जमीन सखल असल्यामुळें पाणी थोडें जरी अधिक चढलें, तरी तें कांठच्या वस्तींत शिरतें. ज्या पाण्यावर हीं घरें उभीं राहिलीं, त्याच पाण्याची त्यांना आतां धास्ती आहे.

हॉटेलांत एक वृद्ध मिस्त्री डागडुजीचें काम पाहत असत. भावजी त्यांच्या मागें मागें हिंडले, आणि आमच्या प्रवासांतली सर्वांत उपयोगी माहिती त्यांच्याकडून मिळाली. खाऱ्या हवेंत जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊं नये. जांभा ओल पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊं देतो. सिमेंट ती ओल आंतच कोंडतें, मग भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. तुळयांत लोखंडी खिळे शक्य तितके कमी. खारा वारा लोखंड खातो, तें फुगतें आणि लांकूड चिरतें. बिजागऱ्या पितळेच्या असाव्यात. आमच्या घराच्या पडवीला दहा वर्षांपूर्वीं सिमेंट केलें होतें आणि ती भिंत दर पावसाळ्यांत कां रडते, हें कोडें तेथें सुटलें.

भोजनाची चिंता सासूबाईंपेक्षां आम्हांलाच अधिक होती. हॉटेलच्या भटारखान्यांत मासे शिजतात, हें त्यांना दिसतच होतें. त्यांनीं पहिल्या दिवशीं वाफवलेलीं नेंद्रन केळीं आणि दूध एवढ्यावर भागविलें. दुसऱ्या दिवशीं स्वयंपाक्यानें आपण होऊन वेगळा तवा व पातेलीं काढलीं आणि आजींसाठीं अप्पम व हरभऱ्याची उसळ करून पाठविली. सासूबाईंनीं तीं घेतलीं. "एवढें त्यानें केलें, आणि मी नाहीं म्हणूं?" एवढेंच त्या म्हणाल्या. शिवाय मट्टांचेरींत गुजराती रोड नांवाचा रस्ता आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथें व्यापार करणारीं गुजराती व जैन कुटुंबें त्या भागांत आहेत. त्यामुळें शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहींत.

धोंड्यांच्या तोलावरचीं जाळीं

कोचीचें चित्र म्हटलें कीं चिनी जाळीं आलींच. तीं ओसरीवरून दिसत, आणि चार दिवस आम्हीं तीं सकाळ-संध्याकाळ पाहिलीं. आपल्या कोंकणांत आगराला पाणी देण्यास लाट असते, तिची आठवण व्हावी अशी त्यांची रचना आहे. कांठावर एक आडवी तुळई आंसासारखी फिरती बसविलेली; तिच्यावरून उंच वासे पाण्यावर झुकलेले आणि त्यांच्या टोकांना चारी कोपऱ्यांनीं टांगलेलें प्रचंड जाळें. मागच्या बाजूस दोरांना मोठमोठे धोंडे थोड्याथोड्या अंतरानें बांधलेले असतात. तोल इतका नेमका, कीं एक माणूस मधल्या खांबावरून पुढें चालत गेला तरी जाळें पाण्यांत उतरतें. कांहीं मिनिटांनीं चार-सहा जण मिळून दोर ओढतात. धोंडे एकामागून एक जमिनीस टेकतात आणि जाळें वर येतें.

हीं जाळीं चिनी व्यापाऱ्यांनीं चौदाव्या-पंधराव्या शतकांत आणलीं, असें परंपरा सांगते. दुसरें मत असें, कीं पोर्तुगीजांनीं तीं आपल्या मकाव बंदरांतून येथें आणलीं. जाळ्याच्या भागांचीं नांवें पोर्तुगीज वळणाचीं आहेत, हा त्या मताचा आधार.

पण नांव कोणाचेंही असो, सध्यां त्यांचे दिवस बरे नाहींत. आमच्या समोर एका सकाळीं दहा वेळां जाळें वर आलें; दहा वेळांचे मासे मिळून एक टोपली भरली नाहीं. मार्ग खोल ठेवण्यासाठीं बंदरांतला गाळ सतत उपसावा लागतो, मोठीं जहाजें अगदीं जवळून जातात, पावसाळ्यानंतर कुट्टनाडाकडून जलपर्णीचे तांडे वाहत येऊन जाळ्यांत अडकतात. सागाचे लांब वासे आतां कोळ्याला परवडत नाहींत, म्हणून कित्येक ठिकाणीं लोखंडी नळ बसविले आहेत. मुलांनीं दोर ओढण्याची परवानगी मागितली. कोळ्यांनीं हंसत दिली आणि नंतर बक्षिसी घेतली. त्यांतल्या एकानें यजमानांना मोडक्यातोडक्या हिंदींत सांगितलें, कीं कित्येक दिवशीं माशांपेक्षां या बक्षिसीचेच पैसे अधिक होतात. सासूबाई तिकडे पाहत म्हणाल्या, "मासे थोडे आणि छायाचित्रें काढणारेच फार. ह्यांचें काम गेलें आणि कामाचें सोंग राहिलें."

हें वाक्य मला चार दिवस पुरलें. पाहुण्यांच्या पैशावर जुनी वस्तु टिकते, हें खरें. पण ती कोणत्या स्वरूपांत टिकते? तोच प्रश्न आमच्या घराचाही नव्हता काय?

मट्टांचेरींत

फोर्ट कोचीहून रिक्षानें मट्टांचेरी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाटेंत सेंट फ्रान्सिसचें देऊळ लागतें. तें १५०३ मध्यें प्रथम लांकडाचें उभारलें गेलें, मागाहून दगडी झालें. वास्को द गामा १५२४ मध्यें कोचीस वारला आणि येथेंच पुरला गेला. १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेण्यांत आल्या. रिकाम्या थडग्याचा दगड अजून दाखवितात. छताला टांगलेले दोरीचे पंखे पाहून मुलांना तेंच अधिक नवलाचें वाटलें.

मट्टांचेरीचा वाडा १५५५ मध्यें पोर्तुगीजांनीं बांधून कोचीच्या राजास नजर केला. पुढें डचांनीं त्याची दुरुस्ती केली, म्हणून लोक त्याला "डच वाडा" म्हणतात. बाहेरून तो साधाच दिसतो. आंत राजाच्या शयनगृहांत मात्र भिंती भरून रामायण रंगविलेलें आहे. सासूबाई तेथें तासभर बसल्या आणि नातवंडांना एकेक प्रसंग सांगत राहिल्या; पहारेकरी दोनदां आला आणि ऐकत उभा राहिला.

वाड्याच्या भिंतीला लागूनच १५६८ सालचें यहुद्यांचें प्रार्थनामंदिर आहे. राजानें आपल्या वाड्याशेजारीं त्यांना जागा दिली. जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. हातानें रंगविलेल्या असल्यामुळें एकीसारखी दुसरी नाहीं, असें सांगतात. १९६८ मध्यें या मंदिराचा चारशेंवा वाढदिवस झाला, तेव्हां पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. १९४८ मध्यें इस्रायल राष्ट्र स्थापन झालें आणि त्यानंतर येथील बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. आपल्या कोंकणांतल्या शनवार तेल्यांच्या घरांसारखेंच हें. गल्लीचें नांव यहुद्यांचें आहे, दुकानांवर पाट्या आहेत, मंदिर झाडूनपुसून लखलखीत आहे. फक्त प्रार्थनेला माणसें नाहींत.

याच्या अगदीं उलट चित्र चेर्लाई भागांत दिसलें. गोव्यांतील पोर्तुगीज जुलमाच्या काळांत सोळाव्या शतकांत तेथून निघालेलीं गौड सारस्वत कुटुंबें येथें आलीं. त्यांचें तिरुमल देवस्थान मोठें आहे आणि आजही गजबजलेलें असतें. देवळाबाहेर फुलें विकणाऱ्या बाईंचें कोंकणी बोलणें सासूबाईंच्या कानीं पडलें, आणि मालवणाकडची मैत्रीण भेटावी तशा त्या तिच्याशीं बोलूं लागल्या. भाषा पुरी कळली असें नाहीं. पण तांदूळ, नारळ, सुना आणि गुडघेदुखी एवढे विषय दोघींनाही पुरले.

या समाजाची एक गोष्ट आपल्या घरांतील मुलांना अवश्य सांगावी. सतराव्या शतकांत हेंद्रिक व्हान रीड या डच अधिकाऱ्यानें मलबारांतील वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' नांवाचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲमस्टरडॅम येथें बारा खंडांत छापला गेला. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें व चित्रें आहेत. त्या कामीं इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याप्रमाणें रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या तीन कोंकणी वैद्यांनीं साहाय्य केलें. त्यांचें १६७५ सालचें प्रशस्तिपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडांत कोंकणी भाषेंत आणि नागरी लिपींत छापलेलें आहे. आपलें बाळबोध अक्षर हॉलंडांत छापलें गेलें, तें कोचीच्या या गल्लींतील वैद्यांमुळें! परागंदा होऊन आलेल्या माणसांनीं आपली विद्या बरोबर आणली आणि ती वापरांत ठेवली; म्हणून शतकें लोटलीं तरी तें देऊळ गजबजलेलें आहे.

एका गृहिणीशीं बोलणें

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं हॉटेलच्या मागच्या गल्लींत एका वृद्ध ख्रिस्ती बाईंची ओळख झाली. आपल्या घरांतल्या माडीवरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. खालीं स्वतः राहतात. सासूबाईंना त्यांनीं आग्रहानें बसवून घेतलें. एक मराठी बोलत होत्या, दुसऱ्या इंग्रजी. मधल्या मधें दुभाषीण मी.

सासूबाईंनीं एकदम मुद्द्यालाच हात घातला. "परक्या माणसांना घरांत घेतांना तुम्हांला कांहीं वाटत नाहीं का?"

बाई म्हणाल्या, "पहिल्या वर्षीं वाटलें. माझा नवरा गेला होता, मुलगा परदेशीं. रात्रीं वरच्या माडीवर पावलें वाजलीं, म्हणजे मी उठून बसत असें. नंतर एका पावसाळ्यांत कोणीच आलें नाहीं, आणि पावलें वाजत नाहींत म्हणून मला झोप येईना."

मग त्यांनीं आपली रीति सांगितली. स्वयंपाकघर आणि आपली प्रार्थनेची खोली त्यांनीं कधींच दिली नाहीं. दोन खोल्यांच्या चार करा, असा सल्ला पुष्कळांनीं दिला. त्यांनीं ऐकला नाहीं. "चार खोल्या झाल्या कीं नोकर ठेवावे लागतील. नोकर ठेवले कीं मी मालकीण होईन. आतां मी घरवाली आहे."

शेजारच्या घरांची हकीगत मात्र निराळी होती. मुलें परदेशीं गेलीं, वडील माणसें थकलीं, आणि घरें बाहेरच्या धनिकांनीं विकत घेतलीं. रंग लागला, दिवे आले, ओसरींत कुंड्या आल्या. "फार सुंदर दिसतात," बाई म्हणाल्या. "पण पूर्वीं नाताळांत मला अकरा घरांतून केक येत. आतां तीन घरांतून येतो."

सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. उठतांना त्यांनीं आपल्या पिशवींतली तिळगुळाची पुडी बाईंच्या हातीं दिली. संक्रांत नुकतीच झाली होती.

सरकारी वर्गीकरणांत हॉटेल आणि गृहनिवास यांत जो भेद केलेला असतो, त्याचें मर्म या बाईंच्या बोलण्यांत मला सांपडलें. गृहनिवासाचें मूळ तत्त्वच असें, कीं घरमालकाचें कुटुंब त्या घरांत राहत असावें आणि पाहुण्यांच्या खोल्या सहांहून अधिक नसाव्यात. हा नियम केवळ कागदी नाहीं. घरांत घरचें माणूस असेल तरच तेथें येणारा पाहुणा ठरतो; नसेल तर तो गिऱ्हाईक होतो आणि घर दुकान होतें.

जाणारांसाठीं चार गोष्टी

पौष ते माघ हा काळ वडील मंडळींना सोसण्याजोगा आहे. एरवीं दमट उकाडा फार. जूनच्या आरंभीं येथें पाऊस सुरू होतो, आणि ज्यांना बंदराचा पाऊस पाहावयाचा असेल त्यांनीं तेव्हां जावें, परंतु बोटींवर भिस्त ठेवूं नये. ३१ डिसेंबरच्या रात्रीं फोर्ट कोचींत मोठा उत्सव होतो आणि सरत्या वर्षाचा प्रचंड पुतळा जाळतात; मुलें व वृद्ध बरोबर असतील तर ती गर्दी टाळावी. यहुद्यांचें मंदिर शनिवारीं आणि मट्टांचेरीचा वाडा शुक्रवारीं बंद असतो. केरळांतील बहुतेक मोठ्या देवळांत पुरुषांना सदरा काढून आंत जावें लागतें. धोतर व उपरणें बरोबर असूं द्यावें. पाण्याकडच्या खोलींत रात्रीं डांस येतात, तेव्हां मच्छरदाणी आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें. आणि जाळ्यांवर दोर ओढावयास गेलांत, तर बक्षिसी देतांना घासाघीस करूं नये.

आमच्या घराचा निकाल परतीच्या गाडींत लागला. भावजींना हवें होतें तेवढें सारें मिळालें नाहीं आणि सासूबाईंनाही आपला हट्ट पुरा ठेवतां आला नाहीं. यावरूनच तो बहुधा बरोबर असावा. ओसरीलगतच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठीं होतील. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर यांना हात लागणार नाहीं. पडवीचें सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा द्यावयाचा. नोकरींतून नुकतेच मोकळे झालेले माझे यजमान आणि मी वर्षांतले आठ महिने तेथें राहणार. आम्ही नसतांना खोल्या बंद. गणपतीचे पंधरा दिवस कोणी कितीही पैसे देऊं केले, तरी पाहुणा घ्यावयाचा नाहीं. ही शेवटची अट सासूबाईंची. तिच्यापुढें त्यांनीं आणखी एक जोडली: सकाळचा चहा पाहुण्यांना हॉटेलांतल्यासारखा खोलींत पाठवावयाचा नाहीं, ओसरींत बोलावून, आपल्याबरोबर बसवून द्यावयाचा. चहाचे पैसे घ्यावेत कीं नाहीं, यावर मात्र भावजींचा आणि त्यांचा वाद पनवेल येईपर्यंत चालला होता.